त्या पोराला कुणी विचारलं होतं?

माझ्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला तेव्हा मी घेवडा निवडत होते. "आई, चर्चमधल्या सिस्टरना घरी जाता येतं व्हय?" एवढंच. दुसरी एखादी आई म्हणाली असती, येत असेल बाई, सुट्टीत. मी हातातली शेंग खाली ठेवली आणि म्हटलं, "कुणी सांगितलं तुला हे इचारायला?"

पूर्णिमा "कुणी न्हाय" म्हणाली आणि उठून गेली. कुणी नाही म्हणजे कुणीतरी नक्की आहे, हे मला वेगळं सांगावं लागत नाही. बेळगावातल्या एका क्रेडिट सोसायटीच्या काउंटरवर बसून मी लोकांच्या सह्या तपासते. सख्खा भाऊ बहिणीची सही ठोकून येतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो. असली माणसं रोज बघितल्यावर कुणाच्या सरळ वाक्यावर विश्वास बसत नाही. आमचे मालक महादेव उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत. ते म्हणतात, मंगल, तुझ्यापुढं देव येऊन उभा राहिला तरी तू आधी त्याचं आधार कार्ड मागशील. मागेन की! त्यात लाजायचं काय?

पण या प्रश्नानं मी घाबरले, त्याला कारण होतं. पूर्णिमा नवसाची. लग्नानंतर कितीतरी वर्षं काकतीच्या आमच्या घरात पाळणा हलला नव्हता. डॉक्टर झाले, सासूबाईंनी सांगितलेले सगळे देव झाले. शेवटी सोसायटीतल्या एका मैत्रिणीनं मला कॅम्पातल्या एका चर्चमध्ये बाळ येशूपुढं नेलं. गुरुवारी तिथं येणाऱ्या निम्म्या बायका कुंकू लावलेल्याच असतात. कुणी मेणबत्ती लावतं, कुणी मेणाचं घर वाहतं, कुणी मेणाचं बाळ. मी नवस बोलले आणि वर्ष फिरायच्या आत पूर्णिमा झाली. तेव्हापासून पाऊस असो, बेळगाव बंद असो, मी गुरुवार चुकवलेला नाही. पोरगी चालायला लागली तेव्हापासून तिचा हात धरूनच आत जाते.

सासूबाईंनी, म्हणजे जयाबाईंनी, त्याला कधी आडकाठी केली नाही. "द्येव त्यो द्येव," म्हणतात. "त्येनं दिलं, मग त्येचं पाय धरायचं." मी नवस काय बोलले ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. आमच्यात नवस उघड करत नाहीत. बोललेलं पोटात ठेवायचं, फेडायचं आणि गप्प बसायचं.

मेणबत्ती लावायला जाणं निराळं आणि पोरीनं तिथल्या सिस्टरांची चौकशी करणं निराळं. सोळा वर्षांची पोर, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. कुणी गोड बोलून तिला आत ओढून घेतली तर? मला ही एकच आहे. ती गेली तर माझ्याजवळ काही उरत नाही, हे मी स्पष्टच सांगते. संशय म्हणा नाहीतर भीती म्हणा, मला त्या दिवसापासून झोप लागेना.

पुढं प्रश्न वाढतच गेले. एक भाकरी थापताना. "सिस्टर व्हायला आईबापाची परवानगी लागती का?" एक बसस्टॉपवर उभ्या उभ्या. "एकदा आत गेल्यावर न्हाय म्हणता येतं?" आणि एक तर ऐन जेवणात, महादेवांच्या देखत. "द्येवाला दिल्यालं परत घेता येतं का गं?"

महादेव म्हणाले, "नारळ देत्यात की अर्धा परत," आणि स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मी दर वेळी तेच केलं. का इचारतीस? कोण शिकवतंय? कुणासंगट बोलतीस? मग ती गप्प बसायची, आणि ती गप्प बसली की माझा संशय दुप्पट व्हायचा.

मी तपासाला लागले. ती आंघोळीला गेली तेव्हा तिची बॅग उलटीपालटी केली. डबा, रबरबँड, वितळलेलं चॉकलेट, बाकी काही नाही. फोन बघितला, तर त्यात तिनं शोधलं होतं, नन कोणत्या वयात होतात. मी फोन होता तसाच ठेवून दिला. तिची मैत्रीण केतकी टिळकवाडीतल्या वकिलाची मुलगी. तिला बसस्टॉपवर गाठलं, वडापाव खायला घातला आणि विचारलं, पूर्णिमा हल्ली कुणाच्या नादी लागलीया?

"काकू, तुम्ही तिलाच का विचारत नाही?"

"इचारलं की गं."

"नाही काकू, तुम्ही उलटतपासणी घेता. दोन्हींत फरक आहे." वडापाव खाऊन हे ऐकवलं. आगाऊ कार्टी!

मग कापडाचं झालं. जानेवारीत बाळ येशूची फेस्त असते, म्हणजे तिथली जत्राच. पोरगी आता मोठी झाली, फेस्तीला नवीन लंगा-दावणी, म्हणजे परकर-ओढणी, नेसून जाऊ दे म्हणून मी जांभळं कापड आणलं होतं, मोरपंखी काठाचं. ती माप द्यायला शिंप्याकडं यायलाच तयार होईना. कापडाला हात लावला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं घेतला. "मला नगं नवं कापड. मी फेस्तीला येणार न्हाय." दुसऱ्या कुणी यातून असा अर्थ काढला असता की पोरीला चर्चचा कंटाळा आलाय. मी नाही काढला. मी म्हटलं, रंगीत कापड नको म्हणजे हिला आता पांढरं घालायचंय, आणि फेस्तीला नको हे नुसतं मला गाफील ठेवायला.

गुरुवारी तर ती आत यायचीच बंद झाली. मी मेणबत्ती लावेपर्यंत फाटकाशी चप्पल घालून उभी राहायची. एकदा मी लवकर बाहेर आले, तर ती तिथल्या सिस्टर लवीनांशी बोलत होती. मला बघताच दोघी गप्प झाल्या. झालं, माझी खात्रीच पटली. घरी येताना बसमध्ये मी तिचा हात सोडला नाही. तिनंही सोडवून घेतला नाही, पण तो हात गार पडला होता.

घरातली दुसरी तक्रार सासूबाईंची होती. नात हल्ली सारखी मालुबाईंकडं जाऊन बसते म्हणून. मालुबाई म्हणजे सासूबाईंची चुलत बहीण. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहतात. लहानपणी आईनं काहीतरी नवस बोलून त्यांना देवीला सोडलं. डोक्याला जट आहे. मंगळवार-शुक्रवारी देवीची परडी, जग म्हणतात तिला, डोक्यावर घेऊन दारोदार जोगवा मागतात. पुढं कायदा आला, पोरी सोडणं बंद झालं, पण मालुबाईंचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलं होतं. पूर्णिमा त्यांना लहानपणापासून भाकरी नेऊन देते. मी सासूबाईंना म्हटलं, जाऊ दे की, म्हातारीकडं बसती तेवढा वेळ तरी चर्चच्या नादाला लागत न्हाय.

पुढच्या गुरुवारी मी पूर्णिमाला नेलंच नाही. "परीक्षा जवळ आलीया, अभ्यास कर," म्हटलं. तिचा चेहरा असा काही मोकळा झाला की मला तेही खटकलं. साहेबांना सांगून सोसायटीतून लवकर निघाले आणि थेट सिस्टर लवीनांच्या ऑफिसात जाऊन बसले.

सिस्टर मंगळूरकडच्या, साधारण माझ्याच वयाच्या. मराठी चांगलं बोलतात. मी नमस्कार-चमत्कार केला नाही. "सिस्टर, माझ्या मुलीला तुमी काय शिकवताय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडं. "अक्का, तुमचा फोन टेबलावर ठेवाल का?"

"कशाला?"

"रेकॉर्डिंग चालू नाही ना, एवढंच बघायचंय."

माझं टाळकंच सटकलं. माझ्या पोरीला फूस लावणार ही, आणि वर माझ्यावर संशय घेणार! मी म्हटलं, "मग तुमचा बी ठेवा." ठेवला. दोन फोन टेबलावर शेजारी शेजारी पडले. सिस्टरांनी दार सताड उघडलं आणि व्हरांड्यातल्या एका वयस्कर सिस्टरला खुर्ची घेऊन तिथंच बसायला सांगितलं. साक्षीदारच की! मी मनात म्हटलं, बाई माझ्यासारखीच आहे.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या. "हल्ली कुणीही येतं, गोड बोलून प्रश्न विचारतं आणि आम्ही धर्म बदलायला लावतो म्हणत आमचं बोलणं भलतीकडंच ऐकवतं. तुमची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा मला तिचाही संशय आला. मी म्हटलं, का विचारतेस? कुणी पाठवलं तुला?"

माझेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना बरं वाटलं नाही. "मग?"

"मग ती गप्प झाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊन उभी राहिली. काही बोलेना, पण जाईना पण. घाबरलेली होती. कुणी पाठवलेलं माणूस असं घाबरत नाही. म्हणून मी तिला बस म्हटलं आणि मी पण गप्प बसले. बऱ्याच वेळानं तिनं ते विचारलं." त्यांनी उघड्या दारातून व्हरांड्याच्या भिंतीवरच्या चित्राकडं बोट केलं.

ते चित्र मी जाता-येता कितीदा तरी बघितलं असेल. एक बाई आपल्या लहान पोराला हाताला धरून पांढऱ्या दाढीच्या पुजाऱ्याच्या स्वाधीन करते आहे. पोराच्या अंगावर नवा कोरा अंगरखा.

"तिनं विचारलं, ही कोण. मी सांगितलं. फार जुन्या काळातली बाई, येशूच्याही आधीची. मूल होत नव्हतं. देवापुढं रडली, मुलगा दिलास तर तुलाच देईन म्हणाली. झाला. शब्दाला जागून तिनं त्याला देवळात नेऊन सोडलं. इथल्या मुलांना मी ही गोष्ट दर वर्षी सांगते, त्या आईचा विश्वास किती मोठा म्हणून. तुमच्या मुलीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, सिस्टर, त्या पोराला कुणी विचारलं होतं?"

"तुमी काय सांगितलं?"

"मला माहीत नाही म्हटलं. बायबलात ते लिहिलेलंच नाही. आणि इतकी वर्षं मला ते कधी सुचलं पण नव्हतं."

मला गोष्टींशी घेणं-देणं नव्हतं. "सिस्टर, एकच सांगा. तिला नन व्हायचंय का न्हाय?"

त्या हसल्या नाहीत. "अक्का, ज्यांना इथं यायचं असतं त्या मुली मी ओळखते. मी त्यातलीच. माझ्या बाबांनी कित्येक महिने अबोला धरला होता. आम्ही एकच विचारायचो, कधी येऊ? तुमची मुलगी विचारते, बाहेर कसं पडायचं. आईनं आधीच शब्द दिला असला तर नाही म्हणता येतं का. फाटक कधी बंद होतं. मी तिला सांगितलं, आमच्यात कुणी कुणाला देत नाही. ज्याचं त्यानं मोठं झाल्यावर स्वतः ठरवून यायचं. तर म्हणाली, तुम्ही तसंच सांगणार. मी म्हटलं, मग आईला विचार." त्यांनी माझा फोन माझ्याकडं सरकवला. "म्हणाली, आई उत्तर देत न्हाय, आई प्रश्न विचारती."

मी टेबलावरचा फोन उचलला. त्या दिवशी मेणबत्ती लावायचं राहिलं, ते बस काकतीच्या फाट्याला आल्यावर ध्यानात आलं.

पूर्णिमा घरी नव्हती. पुस्तक पालथं पडलं होतं. सासूबाईंनी हनुवटीनंच गल्लीच्या टोकाकडं खूण केली. दिवेलागणीची वेळ होती. मालुबाईंच्या दाराशी गेले तर आतून पोरीचा आवाज आला, आणि सवयीप्रमाणं मी बाहेरच थांबून कान दिला.

"आज्जी, तुला सोडताना कुणी इचारलं होतं का गं?"

"मला काय इचारत्यात?" मालुबाईंचा आवाज नेहमीसारखाच, जोगवा मागताना असतो तसा. "एवढीशी हुतो मी. नवी चोळी शिवली, हातात गूळ-खोबरं दिलं. आईनं हात धरला. म्हटलं जत्रंला चाललो. मी नाचत गेलतो. येताना ती एकटीच आली."

जांभळं कापड माझ्या डोळ्यांपुढं आलं. मोरपंखी काठ, फेस्त, आणि मी दर गुरुवारी घट्ट धरलेला तिचा हात. मी दारातच उंबऱ्यावर बसले.

पूर्णिमा दचकून उठली. माझ्याकडं बघितलं आणि आजवर फिरवून फिरवून विचारत होती ते सरळ विचारलं. "आई, तू मला त्येला सोडलीस व्हय?"

कुणी सांगितलं तुला हे? शब्द अगदी जिभेवर आले होते. मी ते गिळले. "तुला असं का वाटतंय, ते सगळं सांग," म्हटलं. "मी मधी बोलणार न्हाय."

तिला खरं वाटलं नाही. मी खरंच मधे बोलणार नाही याची खात्री झाल्याशिवाय ती बोलेना, आणि तिनं खात्री करून घ्यायला बराच वेळ घेतला. शेवटी बोलली. ते चित्र तिनं लहानपणापासून बघितलं होतं, गोष्ट कळली ती यंदा. मालुआज्जीचं तर पाठच होतं. आपण नवसाची, हे सगळा गाव बोलतो, पण नवस काय होता ते कुणीच सांगत नाही. मग मी कापड आणलं. "तू म्हणालीस, आता मोठी झालीस, नवं नेसून फेस्तीला जायचं. मला वाटलं, ठरल्यालं वय झालं. म्हणून माप दिलं न्हाय. दर गुरुवारी आत शिरताना तू हात घट्ट धरतीस. मला वाटायचं, आज ठेवून येणार. म्हणून मी फाटकातच थांबत हुते, पळता यावं म्हणून."

मधे बोलायचं नाही असं कबूल केलं होतं म्हणून बोलले नाही, नाहीतर माझ्यानं ते ऐकवलं नसतं. माझी पोर कुणीतरी ओढून नेईल म्हणून मी जिच्या मागावर होते, ती मीच नेऊन सोडीन म्हणून भीत होती. इतके दिवस एका ताटात जेवत होतो आम्ही.

"पूर्णिमा, मी मागायला गेलते," मी म्हटलं. "द्यायला न्हाय. मेणाचं बाळ वाहीन आणि तुला एकदा आणून दाखवीन, एवढंच बोलले. तू पाच म्हैन्यांची असताना फिटलं ते."

"मग अजून का जातीस?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. खोटं सांगता आलं असतं, श्रद्धा म्हणून सांगता आलं असतं. "भ्यानं," मी म्हटलं. "जायची थांबले तर त्यो तुला परत घेईल असं वाटतंय. आणि हात बी त्याच भ्यानं धरती मी, तू कुठं जाऊ नयेस म्हणून."

ती रडेल असं वाटलं होतं. ती रागावली. "मग हे इचारल्यावर सांगायचं की! किती दिस इचारतीया मी!" आणि मग रडली, माझ्या खांद्यावर नाही, भिंतीकडं तोंड करून. मी तिला जवळ ओढली नाही. तेवढं मला त्या क्षणी कळलं, हे माझं नशीब.

मालुबाई इतका वेळ आमच्याकडं बघत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं आणि आम्ही दोघी त्यांना विसरूनच गेलो होतो. त्यांनी घसा साफ केला.

"मंगल," त्या म्हणाल्या, "माझी आई माझ्यासाठी काय बोलली हुती गं? कुणाचा जीव वाचावा म्हणून बोलली, का पोरगा व्हावा म्हणून? जयाला म्हाईत असंल व्हय?"

सासूबाईंना माहीत नव्हतं, त्यांनीच एकदा तसं सांगितलं होतं. ज्यांना माहीत होतं ती माणसं कधीच गेली होती. आमच्यात नवस उघड करत नाहीत. इतक्या वर्षांत त्या आमच्या दाराशी कितीदा जोगवा मागायला उभ्या राहिल्या, मी कितीदा मूठभर तांदूळ घातले, आणि या बाईला काही विचारायचं असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"न्हाय मावशी," मी म्हटलं. "आता कुणालाच म्हाईत न्हाय."

त्यांनी मान हलवली. उत्तर त्यांना ठाऊकच असावं. पूर्णिमानं डोळे पुसले, त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, तुझी आई कशी हुती?"

मालुबाईंनी दिव्याची वात वर केली.

"उंच हुती," त्या म्हणाल्या. "मला सोडून जाताना एकदा बी मागं बघितलं न्हाय तिनं."